सामायिक कार्यशाळेतील वाहने आणि वेल्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील आमच्या सामायिक कार्यशाळेत वर्गणी भरून येणाऱ्या सभासदांत उसाची ट्रॉली सांधायला येणारे शेतकरी आहेत, आजोबांची मोटरसायकल पुन्हा उभी करू पाहणारे विद्यार्थी आहेत आणि श्रावण लागला की मंडळाच्या देखाव्याचा सांगाडा घेऊन हजर होणारे कार्यकर्तेही आहेत. यंत्रे सर्वांची, जागा सर्वांची आणि ठिणगी मात्र एकाचीच असते. म्हणून वाहने आणि वेल्डिंग यांचे नियम सुतारकामाच्या नियमांपेक्षा कडक ठेवले आहेत. दर महिन्याला तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरे कारणांसह पुढे दिली आहेत.

मी दहा वर्षे वेल्डिंग करतो आहे. तरीही मला चाचणी का द्यावी लागते?

चाचणी हाताची कमी आणि सवयींची जास्त असते. उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेले कारागीरही आमच्याकडे सभासद आहेत आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. परंतु एकट्याच्या दुकानात ज्या सवयी खपून जातात त्या दहा जणांच्या जागेत खपत नाहीत. आर्क (वेल्डिंगची विजेची ठिणगी) मारण्यापूर्वी मोठ्याने सूचना देणे, पडदा ओढणे, काम झाल्यावर होल्डरमधील रॉडचे थोटूक काढून ठेवणे आणि गरम तुकड्यावर खडूने ‘गरम’ असे लिहिणे, एवढ्याच गोष्टी आम्ही प्रामुख्याने पाहतो. चाचणीचा तुकडा म्हणजे ६ मिमी जाडीच्या दोन पट्ट्यांचा काटकोनी जोड. तो आम्ही शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने वाकवतो. सांध्याच्या मुळाशी काळी रेघ दिसली, तर स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळून झालेला मळ) आत अडकला आहे असे समजावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे.

कोणते वाहन आत आणता येते आणि कोणती कागदपत्रे लागतात?

दुचाकी, तीनचाकी, मोटार, ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे आणता येतात. ट्रक व बस यांना आमचे दारच पुरत नाही. नोंदणीपुस्तकाची प्रत आणि सभासदाचे ओळखपत्र लागते. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर मालकाचे सहीचे पत्र आणावे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदवहीत लिहिल्याशिवाय गाडी आत घेतली जात नाही. हे क्रमांक कोरलेला भाग घासणे, त्यावर रंग मारणे किंवा त्याच्या शेजारी वेल्ड करणे यांपैकी काहीही येथे करता येणार नाही, मग तेथे कितीही गंज असो.

गाडी किती दिवस ठेवता येते?

सलग ३ दिवस. सुटा भाग मिळत नाही हे आम्हांलाही कळते, म्हणून एकदा मुदतवाढ मिळते आणि तीही जास्तीत जास्त १५ दिवसांची. समोरच्या काचेवर सभासदाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि गाडी नेण्याची तारीख लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड लावावे. ‘पुढच्या रविवारी नक्की नेतो’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की कार्डावर वार न लिहिता तारीखच लिहावी, असा ठराव करावा लागला.

गाडीखाली जाण्यासाठी नुसता जॅक पुरेसा नाही का?

नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकचे एक रबरी सील फाटले, तर गाडी आवाज न करता खाली बसते. गाडी उचलली की दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या (टेकू) लावाव्यात, जमिनीवरील चाकांना पुढून-मागून उटी (चाक अडवणारी पाचर) लावावी आणि आत शिरण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. विटा, सिमेंटचे ठोकळे आणि लाकडी ओंडके यांना पूर्ण मनाई आहे. सिमेंटचा पोकळ ठोकळा वाकून इशारा देत नाही, तो एकदम फुटतो. गाडीखाली असलेल्या माणसाचे पाय दिसतील अशा जागी दुसरा सभासद असलाच पाहिजे.

गाडीचा कोणता भाग येथे वेल्ड करता येतो आणि कोणता करता येत नाही?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद होतात. नियमाचा गाभा असा आहे : गाडी थांबवणारा, गाडी वळवणारा आणि माणसाचे वजन पेलणारा भाग येथे वेल्ड केला जाणार नाही. त्यामुळे स्टिअरिंगचे सांधे, सस्पेन्शनचे आर्म, ब्रेकचे पेडल व नळ्या, चाकांच्या रिम, सीटबेल्ट जेथे बोल्टने बसतो ती जागा, दुचाकीचे हँडल, फोर्क आणि मुख्य चौकट हे सर्व वर्ज्य आहेत.

याचे कारण केवळ सावधगिरी नाही, ते धातूच्या स्वभावात आहे. यातील बरेच भाग घडवून, तापवून आणि ठरावीक वेगाने थंड करून बळकट केलेले असतात. नव्या मोटारींच्या दारांमधील खांबांत बोरॉनयुक्त अतिकठीण पोलाद वापरतात. आपण वेल्ड केला की सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पुन्हा तापतो आणि कारखान्याने दिलेली ती ताकद तेथून निघून जाते. सांधा वरून सुबक दिसतो, हातोड्याने तुटतही नाही. काही महिन्यांनी तुटते ते त्याला लागून असलेले लोखंड. ज्याने सांधा मारला तो त्या वेळी गाडीवर असेलच असे नाही.

उलट, दुचाकीचे कॅरिअर, साडी गार्ड, मडगार्डच्या पट्ट्या, मधले स्टँड, मोटारीच्या तळपत्र्याला पडलेली गंजाची भोके (चौकटीपासून दूर असतील तर), नंबरप्लेटची पट्टी ही कामे खुशाल करावीत. साडी गार्डबद्दल विशेष आग्रह आहे : मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचे असूनही ‘दिसायला बरे नाही’ म्हणून ते काढून टाकणारे बरेच जण भेटतात. ते काढण्यासाठी ग्राइंडर मिळणार नाही. तुटलेले जोडायला कोणीही आनंदाने मदत करील.

सायलेन्सर बदलणे, चौकट कापून मोटरसायकलचे रूप बदलणे, पुढे बुल बार (लोखंडी संरक्षक दांडा) लावणे यांस परवानगी आहे का?

नाही, कारण येथे प्रश्न आमच्या नियमांचा राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोटारींच्या पुढील बुल बारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले आहेत. मूळ सायलेन्सर गंजून फुटला असेल, तर तो उतरवून, आतील काजळी साफ करून सांधता येतो. आतील जाळी काढून ‘आवाज मोकळा’ करण्याचे काम मात्र येथे होणार नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागून लोकांची घरे आहेत.

पेट्रोलची टाकी रिकामी करून, धुऊन, तीन दिवस उन्हात ठेवली आहे. आता छिद्र वेल्ड करू का?

नाही. टाकी धुतलेली असो, पाण्याने भरलेली असो की आत दुसऱ्या गाडीचा धूर सोडलेला असो, उत्तर बदलणार नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक असते, कारण पेट पेट्रोल घेत नाही, त्याची वाफ घेते. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की स्फोट होऊ शकतो, आणि तेवढी वाफ तयार व्हायला टाकीच्या घडीत, सीममध्ये किंवा गंजाच्या पापुद्र्याखाली राहिलेले थोडेसे थेंब पुरतात. आपण सांधा तापवतो तेव्हा नेमकी ती घडीच तापते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वास न जाणवता तळाशी बसून राहते.

डिझेलची टाकी, तेलाचे २०० लिटरचे बॅरल, थिनरचा डबा यांनाही हाच नियम लागू आहे. पावसाळ्याआधी बॅरल कापून शेगडी किंवा पाण्याची टाकी करायची टूम दरवर्षी निघते. बॅरलात पूर्वी काय होते हे विकणारा सांगतो त्यावर विसंबू नये. ज्याचे एक झाकण आधीच पूर्ण काढलेले आहे असेच बॅरल विकत घ्यावे, आणि तेही आत उजेड टाकून कोरडे व स्वच्छ पाहूनच कापावे. दुचाकीच्या टाकीचे बारीक छिद्र बाहेरील कारागिराकडे द्यावे किंवा इपॉक्सी लांबीने (पुट्टीने), थंड पद्धतीने बुजवावे.

उसाच्या ट्रॉलीचे काय?

गळीत हंगामाच्या आधी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आमच्या अंगणात ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्या दोन महिन्यांत ट्रॉलीला इतर वाहनांपेक्षा आधी जागा मिळते. बाजूचे अँगल, फळ्यांचे क्लॅम्प, मागील झडप आणि तळाचा पत्रा ही कामे सभासदाने स्वतः करावीत. ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, त्याचा कडा आणि धुऱ्याची बैठक मात्र आमच्या नेमलेल्या तीन वेल्डरांपैकी एकानेच करायची आहे; चढावर दांडा सुटला तर भरलेली ट्रॉली मागच्या गाड्यांवर जाते. उंची किंवा लांबी वाढवण्याचे काम होणार नाही. नियम लेखी नसता तरी पाळला असता असा एक भाग आहे : मागे लाल परावर्तक पट्टी नसेल, तर ट्रॉली फाटकाबाहेर सोडली जात नाही. पट्टी आमच्या कपाटात आहे, मूळ किमतीला मिळते. रात्री साखर कारखान्याच्या रस्त्यावर दुचाकी चालवलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही.

नांगराच्या फाळावर कठीण धातूचा थर चढवता येतो. रोटाव्हेटरची तुटलेली पाती जोडू नयेत. फिरताना तुटलेला तुकडा पोटरीत घुसतो.

गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल, तर काय काळजी घ्यावी?

प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक आणि अनेक सेन्सर असतात, त्यामुळे शक्य असेल तेथे भाग उतरवूनच काम करावे. दुसरे, अर्थचा क्लॅम्प (वेल्डिंगच्या परतीच्या वायरचा चिमटा) सांध्याच्या जास्तीत जास्त जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावावा. वीज आपली वाट स्वतः शोधते. क्लॅम्प मागील चाकाजवळ आणि वेल्ड पुढे असेल, तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभराने चाक घरघरू लागते. सभासद मग बेअरिंगच्या कंपनीला नावे ठेवतो.

तिसरे, पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. एकदा एका जीपच्या तळपत्र्यावर तळहाताएवढे ठिगळ लावले. गालिचा उचललेला होता, पाण्याची बादली जवळ होती, काम दहा मिनिटांत संपले. चाळीस मिनिटांनी, हात धुऊन चहा घेत असताना, पिंजलेल्या कापसाच्या जळकट वासाने लक्ष गेले : सीटखालच्या पोकळीत कधीतरी कोंबलेला कॉटन वेस्टचा बोळा आत धुमसत होता. ज्वाळा नव्हती, धूरही जेमतेम होता. पुढील नियम त्या बोळ्यामुळे आला.

वेल्डिंग संपल्यावर तासभर थांबण्याची सक्ती का आहे?

वरील कारणासाठी. आगीसंबंधी अमेरिकेतील एनएफपीए ५१बी या मानकात पूर्वी ३० मिनिटे पहारा सांगितला होता. २०१९ च्या आवृत्तीत तो ६० मिनिटे झाला. त्याच मानकातील ११ मीटरचे अंतरही आम्ही घेतले आहे : ठिणग्यांपासून एवढ्या परिघात लाकडाचा भुसा, रंग, थिनर, फोम, पोती यांपैकी काहीही नसावे आणि जे हलवता येत नाही ते अग्निरोधक चादरीने झाकावे. यामुळे कार्यशाळा रात्री ९ वाजता बंद होत असली, तरी शेवटची ठिणगी ८ वाजता पडली पाहिजे. ग्राइंडरची ठिणगीही ठिणगीच आहे. पहाऱ्याला बसलेल्याने मोबाइल पाहत बसू नये, एवढे लिहावे लागते याचे वाईट वाटते.

जीआय पाइप आणि पत्रा वेल्ड केला तर चालेल का?

सांध्याच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर किमान दोन बोटे घासून काढल्यावर, मोठा पंखा लावून आणि शक्यतो अंगणात चालेल. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद त्याच्या कितीतरी पुढे, सुमारे १,५०० अंशांच्या आसपास, वितळते. म्हणजे लोखंड सांधण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर नाकात जातो. त्या रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, अंग मोडून येते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उतरते, म्हणून लोक हवामानाला दोष देतात. गूळ खाल्ला किंवा दूध प्यायले की धूर बाधत नाही ही समजूत आमच्याकडच्या जुन्या कारागिरांतही आहे. गूळ जरूर खावा. तो पंख्याचे काम करीत नाही.

ब्रेक साफ करण्याचा फवारा मारलेल्या भागावर कधीही आर्क मारू नये. काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते आणि आर्कच्या उष्णतेत व प्रकाशात त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

काच, कपडे आणि डोळे यांबद्दल काय नियम आहेत?

रॉडच्या वेल्डिंगला १० किंवा ११ क्रमांकाची काच आणि गॅस कटिंगला ५ क्रमांकाचा चष्मा वापरावा. काळा गॉगल म्हणजे काच नव्हे. सुती, गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. पँटचा काठ बाहेर दुमडलेला असेल, तर तो खाली सोडावा, कारण लाल थेंब बरोबर त्या घडीत जाऊन बसतो.

आर्क डोळ्यांना लागली की लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखे होते आणि उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हा त्रास वेल्डरपेक्षा शेजारी टॅकसाठी (तात्पुरत्या टाक्यासाठी) तुकडा धरून उभ्या असलेल्या मदतनिसाला जास्त होतो, म्हणून दुसरी काच मदतनिसासाठी खिळ्याला टांगलेली असते आणि ती घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत. ते बोटांसकट गुंडाळले जातात. ग्राइंडरचे गार्ड काढलेले आढळल्यास त्या दिवशीचे काम तेथेच थांबते.

गॅस सिलिंडर स्वतःचे आणता येतील का?

नाही. स्वयंपाकाचे १४.२ किलोचे लाल सिलिंडर कटिंगला वापरणे बेकायदा आहे आणि ते फाटकातूनच परत पाठवले जाते. कार्यशाळेतील तपकिरी-लाल सिलिंडर ॲसिटिलीनचे आणि काळे ऑक्सिजनचे आहे. दोन्ही साखळीने भिंतीला बांधलेली असतात. ॲसिटिलीनच्या सिलिंडरमध्ये सच्छिद्र भुगा आणि त्यात मुरवलेले ॲसिटोन असते, म्हणून ते उभेच वापरायचे. आडवे झाले असेल, तर उभे करून काही तास थांबावे. त्याचा दाब १ बारच्या, म्हणजे चौरस इंचाला सुमारे १५ पाउंडांच्या, वर नेऊ नये. त्यापुढे हा वायू हवेशिवायही फुटू शकतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचे आटे जड फिरतात म्हणून ग्रीसचे बोट लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस आपोआप पेटते. ॲसिटिलीनचे आटे उलटे असतात, त्यामुळे नळी चुकून दुसरीकडे बसत नाही; बसत नसेल तेथे पाना मारून बसवू नये.

पावसाळ्यात वेल्डिंग बंद असते का?

अंगणातील बंद असते. आत चालू असते, परंतु कोरड्या फळीवर उभे राहून आणि कोरडे चामडी हातमोजे घालूनच, कारण आर्क नसताना होल्डरवर ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि घामाने भिजलेल्या माणसाला तेवढा पुरतो. रॉड दमट झाले की आर्क तडतडते आणि सांध्यात बारीक भोके पडतात. ६०१३ क्रमांकाच्या जातीचे रॉड कोरड्या डब्यात ठेवले तरी भागते. ७०१८ जातीचे मात्र ओव्हनमधूनच, लागतील तेवढेच काढावेत.

करंट किती ठेवावा?

३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर. नेमका आकडा कानाने ठरतो : आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, लांब झाली की फुसफुसतो आणि आखूड झाली की रॉड चिकटतो. चांगल्या सांध्यावरचा स्लॅग थंड होताना स्वतःच उचलला जातो. मंडळाच्या सांगाड्याच्या १.६ मिमीच्या चौकोनी पाइपाला हा रॉड वापरू नये, २.५ मिमीचा घ्यावा. अन्यथा सांध्याऐवजी भोके मोजावी लागतात.

विजेची स्कूटर आणता येते का?

यांत्रिक कामासाठी, होय. बॅटरीचा पेटारा उघडणे, त्याच्याजवळ वेल्ड करणे आणि रात्रभर चार्जिंगला लावून जाणे यांस मनाई आहे.

काढलेले ऑइल आणि कूलंट कोठे टाकावे?

जळके ऑइल निळ्या पिंपात, कूलंट पांढऱ्या कॅनमध्ये. दोन्ही एकत्र करू नयेत, कारण मिसळलेले ऑइल पुनर्वापरासाठी कोणी घेत नाही. पिंप भरले की अधिकृत संकलकाकडे जाते. कूलंट चवीला गोड असते आणि कुत्री ते चाटतात, थोडेसेही त्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरते. कार्यशाळेच्या दारात दोन कुत्री झोपलेली असतात, सांडलेले लगेच पुसावे.

यंत्र माझ्या हातून बिघडले तर?

सांगावे. वापराने झिजलेल्या भागाचे पैसे घेतले जात नाहीत. मशीनवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असताना १० मिनिटांतील ६ मिनिटांऐवजी अर्धा तास सलग चालवून ते जाळले, तर दुरुस्तीचा निम्मा खर्च सभासदाकडून घेतला जातो. न सांगता कपाटात ठेवून दिले आणि पुढच्या सभासदाला त्याचा झटका बसला, तर पूर्ण खर्च घेतला जातो आणि कार्यशाळेची किल्ली परत घेतली जाते.